वगळलेली पानं

रविवारी रात्री साडेनऊला मी लिंक टाकते.
आधी येतो मखमलाबादचा भाग्येश आहेर,
डोक्याला बॅटरी, मागे द्राक्षाच्या काड्या.
मग नफिसा. मग ओझरचे दोघे भाऊ
एकाच फोनमध्ये, अर्धा-अर्धा चेहरा.
मस्कतहून ठोंबरे; त्यांच्याकडे आत्ताशी आठ.

मी नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
दिवसभर कागद मोजते
आणि संध्याकाळी झडती देऊन
रिकाम्या हातांनी बाहेर पडते.
इतक्या वर्षांत एक कपटा घरी आलेला नाही.
म्हणून असेल, पुस्तक हातात धरलं
की बोटं उगाच कडा मोजू लागतात.

आमच्या क्लबाचं मूळ एका पेटीत आहे.
पळशाचे रंगनाथ गायधनी,
बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरिनेट.
वरात पुढे गेली तरी
ह्यांची शेवटची ओळ मागेच रेंगाळायची.
ते गेले, आणि नातवाने वाद्य दुरुस्तीला आणलं
देवळाली गावात, माझ्या भावाकडे.
झाकणाच्या मखमलीखाली चिकटवलेला कागद:
‘आवडीची’.
खाली एकतीस पुस्तकं, गोल शाईच्या अक्षरात.
शेजारी कुठे एक टिंब, कुठे चार,
कुठे फुली.

ठरलं, हाच अभ्यासक्रम. महिन्याला एक.
एक वाचनालयात सापडलं, वाळवीशी वाटणी करून,
एक रद्दीवाल्याकडे, वजनावर.
मधमाश्या पाळणाऱ्या बाईची गोष्ट.
एका चोराचं चरित्र, पहिली नऊ पानं चोरीला गेलेलं.
आणि टिंबांवरून काय ते वाद!
ठोंबरे म्हणाले, ताल आहे.
नफिसा म्हणाली, श्वास.
भाग्येश म्हणाला, मास्तरांनी किती चहा प्यायले ते.
फुलीचा अर्थ मात्र एकमताने: नावडलं.
मग ‘आवडीची’त कसं, हे कुणी विचारलं नाही.

अकराव्या महिन्यात बोटीवरचा स्वयंपाकी.
शेवटी तो बुडतो.
ठोंबरे गहिवरले, म्हणाले,
मास्तरांच्या खालच्या सुरात हेच पाणी आहे.
मीही मान हलवली, जरा जास्तच.

तेव्हा एक काळी चौकट बोलली.
‘सुयोगचा फोन’. तीन रविवार गप्प होती,
आम्हाला वाटे, कुणी चुकून आलंय.
“बुडत नाही तो.”
मागे कुकरची शिट्टी.
“मी कौसाबाई. ते अक्षर माझं आहे.
ह्यांना वाचता येत नव्हतं.
सुरांचंही काही लिहिलेलं नसायचं, सगळं कानावर.
वरातीहून यायचे, ओठ सुजलेले, घास जायचा नाही.
मग मी वाचायची.
टिंब म्हणजे किती वेळा वाचलं.
फुली म्हणजे शेवटी कुणी मरतंय.
ती पानं मी गिळायची.
दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नात
वाजवायला जायचं असायचं माणसाला.
माझा स्वयंपाकी पोहत बंदराला लागला
आणि चूल पेटवली त्याने.”

ओझरचा एक भाऊ चौकटीबाहेर गेला.
दुसऱ्याचा अर्धा चेहरा तसाच राहिला.
“त्यांना कधी कळलं नाही?” नफिसाने विचारलं.
“कळलं नसेल कसं. कानाचा माणूस.
एकदा म्हणाले, तुझं पान जाड वाजतंय गं.
मी म्हटलं, चिकटलीत दोन.
म्हणाले, असू दे चिकटलेली.”

आता रविवारी त्याच वाचतात.
आमच्या हातात पुस्तकं असतात,
छापील, खरी, मरणासकट.
फुलीचं पुस्तक संपत आलं
की सगळे आपापला माइक बंद करतात,
भाग्येश बॅटरीसुद्धा विझवतो.
आणि मी, जिची हयात कागद मोजण्यात गेली,
कान लावून बसते:
एक उलटलं,
की दोन.